हप्ता एकवीस हजार, पगार बावीस हजार

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि पैसा

प्रश्न १

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लोट्याच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत १९ वर्षं ऑपरेटर आहे. परमनंट. हातात महिन्याला साधारण ४१ हजार येतात. गाव खेड तालुक्यातच. घरी बायको, आई, मुलगी आणि आठवीतला मुलगा. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल आहेत. तिला केमिकल इंजिनिअरिंगच करायचंय. लहानपणापासून माझ्याकडून प्लांटच्या गोष्टी ऐकत आली, त्यातूनच हे डोक्यात बसलं असावं.

पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून सीट मिळवून देतो म्हणून एक माणूस मागे लागलाय. वर्षाची फी २ लाख १० हजार, होस्टेल आणि मेसचे ९० हजार. चार वर्षांचे झाले १२ लाख. शिवाय सुरुवातीला दीड लाख रोख, त्याची पावती नाही. बँक १२ लाख द्यायला तयार आहे, पण घर तारण ठेवावं लागेल. घर माझ्या वडिलांनी बांधलेलं. आई ऐकायला तयार नाही. मुलगी चार दिवस धड जेवलेली नाही.

माझी खरी शंका वेगळीच आहे. आमच्या प्लांटवर दरवर्षी दोन-तीन केमिकल इंजिनिअर ट्रेनी म्हणून येतात. त्यांच्या हातात २२ हजार पडतात. मी आयटीआय, एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा) ट्रेड, आणि मला ४१. मग डिग्रीसाठी घर गहाण कशाला टाकायचं? पण त्यातलीच पोरं पाच-सात वर्षांनी माझे साहेब होतात, हेही बघतो. नक्की काय समजायचं? लोक म्हणतात, रिफायनरी आली की केमिकलवाल्यांना सोन्याचे दिवस येतील.

आम्ही कुणबी, ओबीसीत आहोत. मुलीच्या जात पडताळणीचा अर्ज मार्चमध्ये भरला, पावती आहे, प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. लवेलचं कॉलेज जवळच आहे, पण ती म्हणते तिथून चांगल्या कंपन्या मिळत नाहीत.

एक वडील, ता. खेड, जि. रत्नागिरी

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तुम्ही ओबीसीत आहात आणि शिकणारी मुलगी आहे. मी तिथूनच सुरुवात करते.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शंभर टक्के माफ आहे. आधी निम्मं माफ होतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. तुमचा पगार कपातीसकट धरला तरी तुम्ही त्यात आरामात बसता. ही सवलत खाजगी विनाअनुदानित कॉलेजातल्या सीटलाही मिळते. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला ती मिळत नाही.

आता त्या माणसाचं बोलणं या बाजूने बघा. २ लाख १० हजार गुणिले चार, म्हणजे ८ लाख ४० हजार. एवढ्या माफीवर तो तुमच्या मुलीला पाणी सोडायला लावतोय आणि वर दीड लाख मागतोय. पावती न देता घेतलेले असे पैसे म्हणजे कॅपिटेशन फी. आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. 'आज बुक करा, उद्या सीट जाईल' असं तो रोज म्हणत असेल. जाऊ दे ती सीट. त्याला आजच नाही म्हणून कळवा, म्हणजे घरातलं निम्मं वातावरण निवळेल.

दुसरं काम रत्नागिरीचं. पडताळणी समितीच्या कार्यालयात पावती घेऊन स्वतः जा. तुमच्या सख्ख्या किंवा चुलत घरात, बापाकडच्या नात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत बरोबर न्या, त्याने काम सोपं होतं. अर्जाची पावती दाखवून प्रवेश आणि प्रमाणपत्र नंतर ठरल्या मुदतीत, अशी मुभा गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना मिळाली आहे. यंदा मुदत किती आहे ते सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या, ऐकीव माहितीवर राहू नका. नॉन क्रिमिलेअर आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढलेला नसेल तर या आठवड्यातच काढा. प्रवेशानंतर शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर फीमाफीचा अर्ज भरायचा, आणि तो दरवर्षी. पहिल्या वर्षी भरला म्हणजे चारही वर्षांचं झालं, असं समजून बसलेली दोन घरं माझ्या माहितीत आहेत. दोघांनाही दुसऱ्या वर्षाची फी पदरची भरावी लागली.

आता तुमची खरी शंका, बावीस आणि एकेचाळीसची.

तुमचे ४१ हजार हे १९ वर्षांच्या नोकरीचे आहेत, आणि मधल्या युनियनच्या करारांचे आहेत. तुमच्या प्लांटवर गेल्या पाच वर्षांत नव्याने आलेला ऑपरेटर परमनंट आहे की कॉन्ट्रॅक्टवर, आणि त्याच्या हातात किती पडतात, हे तुम्हीच आठवा. ट्रेनीच्या बावीसशी लावायचा आकडा तो आहे. पण तुम्ही डोळ्यांनी जे बघितलंय तेही खोटं नाही. केमिकलची डिग्री सुरुवातीला फार कमी देते आणि उशिरा चढते.

मी १९८६ मध्ये माटुंग्याच्या युडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागातून बाहेर पडले, ज्याला आता आयसीटी म्हणतात. पुढची ३३ वर्षं रोहा, पाताळगंगा आणि वापी इथल्या प्लांटवर काढली. शेवटची बारा वर्षं नवीन पोरं निवडायचं काम माझ्याकडे होतं. त्यातली बरीच अजून फोन करतात, पगारही सांगतात. त्यांच्यावरून सांगते. हे सरासरीचे आकडे नाहीत, माझ्या ओळखीतल्या पोरांचे आहेत. मधल्या आकाराच्या कंपनीत पहिली दोन वर्षं हातात २० ते २५ हजार. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिफ्ट इनचार्ज झाला की ३५ ते ४०. सात-आठ वर्षांनी, एखादा प्लांट स्वतः चालवून दाखवला असेल तर ७०-८०. तिथून पुढे काहींची गाडी सुसाट जाते, काहींची तिथेच थांबते. मोठ्या कंपन्यांत सुरुवातच वरून होते, पण तिथल्या जागा मोजक्या. गेट ही इंजिनिअरिंगनंतरची परीक्षा देऊन सरकारी तेल कंपनीत लागलेल्याचं मूळ वेतनच ५० हजारांपासून सुरू होतं, पण त्या जागांसाठी देशभरातून मुलं बसतात.

म्हणून या धंद्यात कर्ज मोजायचं ते पहिल्या पगाराशी. दहाव्या वर्षीच्या पगाराशी नाही. बँकेचा हप्ता दहाव्या वर्षाची वाट बघत नाही.

तुमचे १२ लाख मांडून दाखवते. दरवर्षी ३ लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं. कोर्सची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. पहिल्या तीन लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यांवर चार, मग तीन, मग दोन. सरळव्याजानेच ४ लाख २० हजार झाले. फेडायला सुरुवात होते तेव्हा डोक्यावर १६ लाख २० हजार असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला २१ हजार ४०० रुपये. एकूण भरणा २५ लाख ७० हजारांच्या घरात. आणि तुमच्या प्लांटवरच्या ट्रेनीचा पगार तुम्हीच लिहिलाय, २२ हजार. उरले सहाशे रुपये. त्यात ती राहणार कुठे आणि खाणार काय?

'बापाने हप्ता भरायचा' असं त्यावर लोक सहज म्हणतात. त्या वेळी तुमचा मुलगा बारावी होऊन कॉलेजात असेल, हे विसरू नका.

पाताळगंग्याला माझ्या हाताखाली एक मुलगा आला होता. सांगली भागातला, हुशार, हात काळे करायला न लाजणारा. त्याच्या हप्त्याचा आकडा मला फार उशिरा कळला. तिसऱ्या शिफ्टला मी एकदा राऊंडला गेले. रात्रीचे अडीच वाजलेले, सेंट्रिफ्यूज चालू, आणि हा पॅनलच्या मागे उभा राहून कँटीनचे दोन वडे कागदात बांधत होता. सकाळी खोलीवर गेल्यावर खायला. सहा जणांत एक खोली होती आणि महिनाअखेरीला मेस बंद केलेली असायची. सोळा महिन्यांत त्याने नोकरी सोडली. एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वसुली खात्यात साडेसात हजार जास्त मिळत होते. मी त्याला थांब म्हणाले. तो म्हणाला, मॅडम, हप्ता थांबत नाही. त्याच्याबरोबर लागलेली दुसरी मुलगी टिकली. आज ती गुजरातेत दहेजच्या एका कारखान्यात एक अख्खा ब्लॉक सांभाळते. दोघांत अकलेचा फरक नव्हता. तिच्यावर कर्ज दीड लाखाचं होतं, त्याच्यावर साडेनऊ.

मला या कर्जाची भीती वाटते ती याचसाठी. केमिकल इंजिनिअर कॉलेजात निम्माच तयार होतो. उरलेला निम्मा पहिल्या तीन वर्षांत प्लांटवर होतो, तुमच्यासारख्या माणसांच्या हाताखाली. जड हप्त्याचा मुलगा ती तीन वर्षं पुरी करूच शकत नाही. मिळेल ते धरतो, आणि ज्या विद्येसाठी कर्ज काढलं ती तिथेच सुटते.

आता कॅपमधून काय होऊ शकतं ते बघू. ९१ ला माटुंगा मिळणार नाही, ते मनातून काढून टाका. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात केमिकल आहे, ते यादीत वर ठेवा. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्यात तुमचा प्रवर्ग. पुण्याची कॉलेजंही लिहा. मुलीला हे नीट समजावून सांगा की पुणे बंद झालेलं नाही. तेच कॉलेज कॅपमधून मिळालं तर शिक्षण शुल्क माफच असेल. विकास शुल्क आणि बाकीचे आकार प्रत्येक कॉलेज वेगळे लावतं, ते आधी लेखी विचारा. पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरवर तेच लिहा जिथे ती नक्की जाणार आहे, कारण पहिली पसंती मिळाली की ती आपोआप पक्की होते आणि मागे फिरता येत नाही.

लवेलबद्दल तिने मैत्रिणीकडून ऐकलंय, तुम्ही जाऊन बघा. ते कॉलेज उभं राहिलं ते केकी घरडांमुळे, जे स्वतः युडीसीटीचे विद्यार्थी होते आणि ज्यांचा कारखाना तुमच्या लोट्यातच आहे. केमिकलचं कॉलेज केमिकलच्या एमआयडीसीला लागून असणं ही साधी गोष्ट नव्हे. यंदाच्या जागांच्या यादीत केमिकल शाखा आहे ना, तेवढं बघून घ्या. घरून एस.टी.ने जाऊन-येऊन शिकली तर होस्टेलचे चार वर्षांचे साडेतीन लाख वाचले.

मात्र कुठलंही कॉलेज असो, प्लेसमेंट ऑफिसात बसून 'हायेस्ट पॅकेज' ऐकू नका. शेवटच्या वर्षाची चार मुलं कँटीनमध्ये गाठा. मागच्या बॅचमधले किती जण आज केमिकल प्लांटवर आहेत, किती आयटीत गेले, किती घरी बसलेत, आणि मधल्या नंबरच्या मुलाला किती मिळाले, एवढं विचारा. मग लॅब बघायला मागा. दाब मोजायच्या मॅनोमीटरच्या काचेच्या नळीत द्रव आहे का बघा. कोरडी, आतून धुळीने पांढरी पडलेली नळी असेल तर ते यंत्र वर्षभरात कुणी चालवलेलं नाही. पंपाच्या ग्लँडखाली ओल आहे का बघा. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको, एकोणीस वर्षं तेच करताय. डीनच्या भाषणापेक्षा तुमचा डोळा जास्त खरा आहे.

पैशाची मांडणी मी अशी करेन. लोणेरे मिळालं असं धरू. होस्टेल, मेस, पुस्तकं, जाणं-येणं मिळून वर्षाला एक लाख. महिन्याला ४ हजार तुम्ही पगारातून काढू शकाल असं वाटतं, म्हणजे ४८ हजार झाले. उरलेले साधारण ५० हजार दरवर्षी बँकेकडून. चार वर्षांत कर्ज २ लाख. चार लाखांपर्यंत बँक तुमच्याकडून मार्जिन, म्हणजे खर्चातला स्वतःचा हिस्सा मागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंत घराचे कागद मागायचं कारण नाही. शिकतानाच व्याज भरत जा. पहिल्या वर्षी ते महिन्याला चारशे-सव्वाचारशे रुपये असेल, चौथ्या वर्षी सोळाशे-सतराशे. असं व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात, ते विचारा. नोकरी लागली तेव्हा डोक्यावर फक्त २ लाख. पाच वर्षांत फेडायला महिन्याला सव्वाचार हजार. बावीस हजारांत हे बसतं. खोलीचं भाडं भरून, पोटभर जेवून बसतं.

बँकेतला माणूस शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत सांगेल. ती जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत आता १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत करच लागत नाही. ज्याला करच नाही त्याला ही सवलत काय उपयोगाची? त्या बोलण्यावर कर्जाचा आकडा वाढवू नका.

कर्जाची वरची मर्यादा विचाराल, तर त्या कॉलेजच्या मधल्या नंबरच्या मुलाला पहिल्या वर्षी जेवढा पगार मिळतो तेवढी. तीन लाख मिळत असतील तर तीन लाख. ही माझी स्वतःची मोजपट्टी आहे, बँकेची नाही. आणि घर नाही म्हणजे नाही. तुमच्या आईचं बरोबर आहे.

रिफायनरीचं नाव कर्जाच्या हिशोबात घेऊच नका. वर्षाला ६ कोटी टनांच्या त्या प्रकल्पाची बोलणी किती वर्षं चालली आहेत ते तुम्ही तिथेच राहून बघताय. नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून काय झालं तेही बघितलंत. प्रकल्प यावा की न यावा हा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर बोलायचा हक्क तुमच्या गावांचा आहे. पण न आलेल्या कारखान्याच्या पगारावर आलेला हप्ता फेडता येत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मुलगी आहे म्हणून सांगायला हवी. मी नोकरीला लागले तेव्हा कारखाने कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामावर ठेवता येत नव्हतं. पहिल्याच मुलाखतीत मला विचारलं, मग शिफ्ट कोण करणार? आणि माझ्यापेक्षा कमी मार्कांच्या मुलाला प्रॉडक्शनला घेऊन मला लॅबजवळच्या खोलीत टेबल दिलं. मी रोज सकाळी सहाला फर्स्ट शिफ्टबरोबर आत जायचे. माझी वेळ नऊची होती. ते तीन तास मला ऑपरेटरांनी शिकवलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक रिअॅक्टरच्या गिअरबॉक्सला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, आणि बेअरिंग बोलायला लागलंय का ऐकायचं, हे मला एका आयटीआयवाल्या मामांनी दाखवलं. पुढे एकदा वापीला त्या आवाजानेच एक बॅच वाचली. आता महाराष्ट्रात सुरक्षेच्या आणि वाहनाच्या अटींवर बायकांना रात्रपाळी करता येते. तरी मुलाखतीत तिने स्वतः विचारावं की प्लांटवर आधीच्या किती मुली आहेत, रात्री सोडायला गाडी आहे का, लेडीज चेंजिंग रूम कुठे आहे. मुलीला प्लांटवर घेतलंच नाही आणि कागदावर बसवून ठेवलं, तर मघाशी सांगितलेली पगाराची चढण तिला मिळत नाही. मला ती आठ वर्षं उशिरा मिळाली.

तिच्याशी बोला, भाऊ. 'पैसे नाहीत' एवढंच सांगू नका. हे सगळे आकडे वहीत लिहून तिच्यासमोर ठेवा आणि हप्त्याचं गणित तिला स्वतःला करू द्या. जिला केमिकल इंजिनिअर व्हायचंय तिला मास बॅलन्स करायचाच आहे, आत किती आणि बाहेर किती. आणि एखाद्या रविवारी, कंपनीत परवानगी मिळत असेल तर, तिला गेटच्या आत नेऊन आणा. तुमच्या गोष्टींतला प्लांट आणि खरा वास, उष्णता, आवाज यांतला फरक तिला कळू दे. त्यानंतरही ती हेच करायचं म्हणाली, तर तिच्या पाठीशी उभे राहा. मला वाटतं, ती हेच म्हणेल.

प्रश्न २

मॅडम, मी मूळचा जळगाव जिल्ह्यातला, वय २५, २०२३ ला केमिकलमध्ये बी.टेक. झालो. अंकलेश्वरला प्रोसेस इंजिनिअर आहे, हातात ३१ हजार. शैक्षणिक कर्जाचे ५ लाख ८० हजार बाकी आहेत, व्याज १० टक्के, हप्ता ९ हजार २००. एका कन्सल्टन्सीने अमेरिकेत एम.एस. करायला सुचवलंय, ४८ लाख खर्च, कर्ज तेच मिळवून देतात. जुनं कर्ज त्यातच फिरवून घेता येईल म्हणतात. इथे राहून हे कर्ज फेडायला सात वर्षं लागणार, ते बघून जीव घाबरतो. जाऊ का?

उत्तर

या रस्त्याने जाऊ नकोस.

४८ लाख, साडेअकरा टक्के, दहा वर्षं. शिकतानाचं व्याज न धरताही महिन्याला साडेसदुसष्ट हजार होतात. हे तिथली नोकरी टिकली तरच फेडता येतं. एम.एस. नंतर तिथे काम करायला १२ महिने मिळतात, आपल्या शाखेला आणखी २४. त्यापुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, आणि देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. नियम सारखे बदलताहेत. तू तिथेच शिकून अर्ज केलास तर ते लागेल की नाही यावर तुझं घर टांगून ठेवायचं का? परत यावं लागलं तर अंकलेश्वरच्या कुठल्याही पगारात साडेसदुसष्ट बसत नाहीत.

अमेरिकेचीच ओढ असेल तर पीएच.डी.ला अर्ज कर. तिथल्या केमिकलच्या विभागांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी बहुतेक विभागच भरतो आणि वर विद्यावेतन देतो. एम.एस. ला मात्र बहुतेकांना स्वतःचे पैसे घालावे लागतात. हा फरक कन्सल्टन्सीवाला सांगणार नाही, कारण त्याची कमाई कर्जावर आहे. संशोधनात मन नसेल तर गेट दे. एम.टेक.ला महिन्याला १२ हजार ४०० विद्यावेतन आहे, आणि सरकारी कंपन्यांचं दारही त्याच मार्कांवर उघडतं. शिफ्ट सांभाळून अभ्यास होतो. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात नवं काही वाचू नकोस, फक्त जुनी गणितं सोडव.

आता त्या सात वर्षांचं. चालू हप्त्याने तुझं कर्ज फिटायला खरंच साडेसात वर्षं लागतील. पण महिन्याला ६ हजार जास्त भरलेस तर ते चार वर्षांच्या आत संपतं आणि व्याजाचे सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. ३१ मधून १५ हजार २०० गेले की १५ हजार ८०० उरतात. एकटा आहेस, खोली वाटून घेतली असशील, दोन वर्षं ओढ धरशील. पगार वाढला की वाढीतला निम्मा भाग तिकडेच वळव. बदलत्या दराच्या कर्जावर आधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही.

फक्त जादा पैसे नुसते खात्यात टाकून ठेवू नकोस. शाखेत अर्ज दे : 'जादा रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी.' पोच घे, आणि दोन महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा काढून मुद्दल खरंच उतरलंय का ते बघ.